कोनफ्लॉवरचं पहिलं वर्ष मुळांना द्या

कोनफ्लॉवरबद्दल नव्याने बाग करणाऱ्यांची तक्रार बहुतेक एकच असते. ऐन बहरातलं रोप आणलं, माती भुसभुशीत केली, खत घातलं, रोज पाणी दिलं, महिनाभर वाफा डोळ्यांत भरला. आणि पुढच्या वसंतात त्या जागी काहीच उगवलं नाही. बहुवर्षायू म्हणून घेतलेलं झाड एका हंगामात गेलं म्हटल्यावर राग रोपवाटिकेवर निघतो. दोष मात्र सहसा रोपाचा नसतो. त्याची सगळी ताकद फुलांत गेलेली असते, मुळं कुंडीच्या मापाबाहेर सरकलेली नसतात, आणि हिवाळ्यात गार, ओल्या मातीत ती कुजून जातात. खाली लावणीपासून छाटणीपर्यंत बरंच काही सांगितलं आहे, पण त्यातलं निम्मं एका गोष्टीपाशी येऊन थांबतं: पहिल्या वर्षी फुलांचा मोह आवरायचा आणि मुळं पसरू द्यायची.

झाड कुठलं, कसं

कोनफ्लॉवर म्हणजे एकिनेशिया. सूर्यफूल, शेवंती, झेंडू यांच्याच कुळातलं. मूळ घर उत्तर अमेरिकेचा पूर्व आणि मध्य भाग: गवताळ माळरानं, विरळ झाडीच्या कडा, खडकाळ मोकळ्या जागा. उन्हाळ्यात रणरणतं ऊन, हिवाळ्यात कडक थंडी, माती बेताचीच आणि आजूबाजूला दाट गवताची रेटारेटी, अशा ठिकाणी ते वाढलं आहे. हे लक्षात ठेवलं की त्याला काय रुचतं आणि काय खुपतं याचा अंदाज आपोआप येतो.

फुलाच्या मधोमध जो काटेरी, तांबूस-नारिंगी घुमट दिसतो तो शेकडो बारीक फुलांचा गुच्छ आहे. ही फुलं कडेकडून आत उमलत जातात, म्हणून एकच फूल काही आठवडे ताजं वाटतं आणि मधमाश्या, फुलपाखरं तितके दिवस त्यावर येत राहतात. भोवतीच्या ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या वांझ असतात; त्यांचं काम कीटकांना बोलावण्याचं.

नऊ-दहा जातींपैकी बागेत सर्रास दिसते ती एकिनेशिया पर्प्युरिया, जांभळट गुलाबी फुलांची, साधारण ६० ते १२० सेंटिमीटर उंच. हिची मुळं तंतुमय असतात. पॅलिडा, अँगुस्टिफोलिया, पॅराडॉक्सा वगैरे बाकीच्या बहुतेक जाती खोल सोटमूळ धरतात. हा फरक पुस्तकी वाटेल, पण पुढे रोप हलवायचं की नाही, गड्डा फोडायचा की नाही, हे सगळं त्यावरच ठरतं. पॅराडॉक्सा ही पिवळ्या फुलांची जात अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगराळ भागातली, आणि आज बाजारात दिसणारे पिवळे-नारिंगी संकरित वाण प्रामुख्याने तिच्या आणि पर्प्युरियाच्या संकरातून आले आहेत. टेनेसीमधली एक जात तर एके काळी नष्ट होण्याच्या बेतात होती. तिला अमेरिकेच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीतून २०११ मध्ये बाहेर काढलं गेलं.

कोणतं रोप घ्यावं

पहिलं कोनफ्लॉवर साधं पर्प्युरिया किंवा त्याचा जुना, भरवशाचा वाण असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘मॅग्नस’ घ्या. त्याच्या पाकळ्या खाली न झुकता आडव्या पसरतात. अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने १९९८ मध्ये त्याला वर्षाचं रोप म्हणून निवडलं होतं. पांढरं हवं असेल तर ‘व्हाइट स्वान’. डेलावेअरमधल्या माउंट क्यूबा सेंटर या उद्यानाने २०१८ ते २०२० अशी तीन वर्षं अनेक वाण शेजारी शेजारी लावून पाहिले, त्यात ‘पिका बेला’ सरस ठरला. त्याच चाचणीत हेही दिसलं की घुमटाच्या जागी पाकळ्यांचा गोंडा असलेल्या दुहेरी फुलांकडे परागकण नेणारे कीटक फारसे फिरकत नाहीत. गोंडेदार फुलं दिसायला छान असतात, पण फुलपाखरांसाठी बाग करत असाल तर ती घेऊ नका.

नारिंगी, लाल, आंब्याच्या रंगाचे संकरित वाण वाईट नाहीत. त्यातले काही मात्र अल्पायुषी निघतात आणि काहींचा नारिंगी रंग फूल जुनं होता होता गुलाबीकडे झुकतो. हात बसल्यावर त्यांच्याकडे वळा.

रोपवाटिकेत जास्तीत जास्त फुलं असलेल्या कुंडीकडे हात जातो, ते साहजिक आहे. तरी शेजारची, फुलं नसलेली पण बुंध्यातून दोन-तीन फुटवे निघालेली कुंडी उचला. जमलं तर रोप अलगद बाहेर काढून मुळं पाहा. पांढरट, घट्ट मुळं चांगली. कुंडीच्या तळाशी गोल गोल गुंडाळलेली असतील तर चालतील, लावताना सोडवता येतात. तपकिरी, लिबलिबीत आणि वास मारणारी असतील तर रोप फुकट मिळालं तरी नको.

जागा आणि माती

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन हवं. फार तापणाऱ्या प्रदेशात दुपारनंतर थोडी सावली मिळाली तर पाकळ्या करपत नाहीत. सावली त्याहून जास्त झाली की देठ लांबतात, उजेडाकडे वाकतात, फुलं कमी लागतात आणि पानांवर भुरी (पांढरी बुरशी) धरते.

मातीत पाहायचा तो निचरा. एक फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत उतरलं तर जागा ठीक. दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर तिथे कोनफ्लॉवर लावण्यात अर्थ नाही. एक तर दुसरी जागा शोधा, नाही तर २०-२५ सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करून त्यावर लावा. चिकणमातीत नुसती वाळू मिसळण्याचा सल्ला बरेच जण देतात. थोडी वाळू घातली तर ती माती उलट अधिक घट्ट होते. त्याऐवजी चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा पानांचं खत मिसळा.

मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या आसपास उत्तम, पण थोडा इकडे-तिकडे असला तरी हे झाड तक्रार करत नाही. माती फार कसदार करण्याच्या फंदात पडू नका. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत होतात, देठ मऊ पडतात आणि पहिल्याच वादळी पावसात सगळं झाड आडवं होतं. माळरानावरचं झाड आहे. शेजारच्या गवताशी झगडत वाढलेले देठ ताठ असतात.

बियांपासून करायचं असेल तर

स्वस्त मार्ग आहे, फक्त वेळ लागतो. पर्प्युरियाच्या बिया थंडी न देताही उगवतात, पण चार आठवडे थंडावा दिला तर उगवण जास्त आणि एकसारखी होते. सोटमुळाच्या जातींना मात्र दोन ते तीन महिन्यांची गार ओल लागते.

त्यासाठी ओलसर केलेल्या वाळूत बिया मिसळायच्या. वाळू मुठीत दाबली तर पाणी टपकता कामा नये. हे मिश्रण पिशवीत घालून, वर तारीख लिहून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात नाही. जिथे हिवाळा चांगला कडक असतो तिथे पानगळीच्या अखेरीस बिया थेट वाफ्यात टाकल्या तरी काम होतं, निसर्गच त्यांना थंडी देतो.

ट्रेमध्ये पेरताना बिया खोल पुरू नका. उजेड मिळाला तर त्या बऱ्या उगवतात, म्हणून पृष्ठभागावर पसरून हलकेच दाबायच्या आणि वर जेमतेम ३ मिलिमीटर बारीक मातीचा थर द्यायचा. १८ ते २१ अंश सेल्सिअसला दहा ते वीस दिवसांत अंकुर दिसतात. फवाऱ्याने किंवा ट्रे पाण्यात ठेवून खालून पाणी द्या. तीन-चार खरी पानं (पहिल्या दोन बीजपत्रांनंतरची) आली की स्वतंत्र कुंड्यांत हलवा आणि बागेत नेण्याआधी आठवडाभर बाहेरच्या हवेची सवय करा: पहिल्या दिवशी तासभर, मग थोडं थोडं वाढवत.

बियांचं रोप पहिल्या वर्षी सहसा पानांचा झुबका करून थांबतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात फुलतं. ‘शायेन स्पिरिट’सारखे काही वाण लवकर पेरले तर त्याच वर्षी फुलतात.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. या झाडाला फुलण्यासाठी लांब दिवस लागतात, साधारण तेरा-चौदा तासांच्या उजेडाचे. विषुववृत्ताच्या जवळ, जिथे वर्षभर दिवस बारा तासांच्या आसपास असतो आणि थंडी नसते, तिथे ते पानं भरपूर देईल पण फुलायला कां-कूं करेल. उष्ण आणि दमट हवेत ते फार वर्षं टिकतही नाही. अशा ठिकाणी कोनफ्लॉवर लावायचंच असेल तर दोनेक हंगामांचं झाड म्हणून लावा, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही.

लावणी

वसंतात, दंव पडण्याचा काळ सरल्यावर लावलं तर उत्तम. पानगळीच्या ऋतूतही चालतं, पण जमीन गोठण्याआधी निदान सहा आठवडे हाताशी हवेत. उशीर झाला असेल तर रोप कुंडीतच आडोशाला ठेवून वसंताची वाट पाहणं शहाणपणाचं.

खड्डा कुंडीइतकाच खोल आणि तिच्या दुप्पट रुंद खणा. कुंडीतलं रोप तासभर आधी भिजवून घ्या. बाहेर काढल्यावर मुळं गोल फिरलेली असतील तर बोटांनी मोकळी करा. फारच घट्ट झाली असतील तर गोळ्याच्या बाजूंना तीन-चार उभ्या चिरा द्या. हे करताना जीव खालवर होतो, पण ती वेटोळी तशीच राहिली तर मुळं बाहेरच्या मातीत जातच नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जिथून पानं फुटतात तो बुंध्याचा माथा जमिनीच्या बरोबरीने यायला हवा, चिकणमाती असेल तर बोटभर वरच. तो मातीखाली गेला की त्यावर ओल साचते आणि हिवाळ्यात तिथूनच कूज सुरू होते. लावून झाल्यावर भरपूर पाणी द्या, माती बसेल, माथा खाली गेला असेल तर रोप उचलून पुन्हा बसवा. खड्ड्यात खत टाकू नका. दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. सुरुवातीला वाफा ओकाबोका वाटतो आणि मध्ये आणखी एक रोप कोंबावंसं वाटतं. ती जागा एखाद्या हंगामी फुलझाडाने भरा, कोनफ्लॉवरने नाही.

पहिलं वर्ष

पहिले दोन-तीन आठवडे माती सुकू देऊ नका. नंतर आठवड्याला साधारण २.५ सेंटिमीटर पाणी (वाफ्यावर तेवढ्या उंचीचा थर होईल इतकं) पुरतं, त्यात पाऊसही मोजायचा. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा खोलवर भिजेल असं द्या; वर ओल नसली की मुळं ती शोधत खाली उतरतात. पानावर नव्हे, बुंध्याशी पाणी द्या.

पालापाचोळ्याचं किंवा सालींचं ५ सेंटिमीटर आच्छादन घाला, पण बुंध्याभोवती तळहाताएवढी जागा उघडी ठेवा. बारीक खडीचं आच्छादनही या झाडाला मानवतं.

आणि फुलं. रोप संकरित असेल किंवा उशिरा लावलं असेल, तर पहिल्या वर्षीचे फुलांचे देठ कळी दिसताच खुडा. लोकांना हे पटवणं सगळ्यात कठीण. फुलांसाठी तर झाड आणलं! अगदीच राहवत नसेल तर एक फूल ठेवा, रंग बघा, आणि पंधरा दिवसांनी तोही देठ कापा. कापताना पानांना हात लावू नका; मुळांसाठी अन्न तयार होतं ते त्यांच्यात. कोवळ्या रोपांवर ससे आणि गोगलगायी ताव मारतात, तेव्हा पहिल्या वर्षी जाळीचं कोंडाळं केलं तर बरं.

दुसऱ्या वर्षापासून

वसंतात कोनफ्लॉवर उशिरा जागं होतं. शेजारची झाडं वीतभर झाली तरी याच्या जागी माती तशीच दिसेल. खुरपं घेऊन ‘मेलं का बघू’ म्हणून उकरू नका, कोंब तुटतात. लावतानाच खुणेची काठी रोवून ठेवावी ती याचसाठी. पर्प्युरियाची नवी पानं गडद हिरवी, खरखरीत, कडेला दातेरी असतात, ती ओळखायला शिका, नाही तर तण समजून उपटली जातात.

खत म्हणाल तर वसंतात बुंध्याभोवती बोटभर कंपोस्ट, बस. मूळ धरलेल्या झाडाला लांबलेल्या कोरड्या काळातच पाणी लागतं. उंच वाण कोलमडत असतील तर वसंताच्या अखेरीस, कळ्या धरण्याआधी, झाड एक तृतीयांशाने छाटा. फुलं काही आठवडे उशिरा येतील आणि थोडी लहान असतील, पण झाड भरदार आणि ठेंगणं राहील. वाफ्यातली पुढची रोपं छाटून मागची तशीच ठेवली तर बहराचा काळही लांबतो.

सुकलेली फुलं काढली की बाजूच्या फांद्यांवर नवी येतात. देठ पुढच्या कळीपर्यंत किंवा पानापर्यंत खाली कापा, टोकाशी नुसतं टकलं ठेवू नका. उन्हाळा संपत आला की मात्र कात्री बाजूला ठेवा. वाळलेल्या बोंडांवर गोल्डफिंचसारखे दाणे टिपणारे पक्षी येतात. शिकागोच्या लुरी गार्डनमधली लागवड आखणारे डच उद्यानरचनाकार पीट औडोल्फ यांच्या बागांत ही काळी बोंडं हिवाळाभर मुद्दाम उभी ठेवतात. आवड ज्याची त्याची, पण गवतांच्या सुकल्या पात्यांमध्ये ती खरोखर शोभतात. सगळे वाळके देठ हिवाळ्याच्या शेवटी, नवे कोंब येण्याआधी जमिनीलगत कापायचे.

फूल विचित्र दिसलं तर

कोनफ्लॉवर तसं काटक आहे. पानांवर भुरी आली तर दाटी कमी करा, फार रोगट पानं काढून टाका. झाड त्याने मरत नाही. जपानी भुंगेरे पाकळ्या कुरतडतात, त्यांना सकाळी आळसावलेले असतानाच साबणाच्या पाण्यात झटका. कधी चांगली उमलती फुलं देठाशी अर्धवट कापून उलटी लटकलेली दिसतील. हे देठ कापणाऱ्या सोंडे भुंगेऱ्याचं काम. लटकलेली आणि खाली पडलेली सगळी फुलं गोळा करून नष्ट करा, कारण अळ्या त्यातच वाढून मातीत उतरतात.

गोंधळ होतो तो पुढच्या दोन दुखण्यांत, आणि तिथे घाई केली तर चांगलं झाड उपटलं जातं.

पहिलं दुखणं अॅस्टर यलोज. फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जिवाणूसारख्या जंतूमुळे होतं आणि तुडतुड्यांमार्फत एका झाडावरून दुसऱ्यावर जातं. फुलं हिरवी राहतात, घुमटातून पानांसारखे झुबके किंवा छोटी फुलं वर येतात, पानं पिवळसर होतात, देठ खुरटे आणि झाडूसारखे दाट फुटतात. याला औषध नाही. झाडाच्या एका भागात दिसलं तरी जंतू सगळीकडे पोचलेला असतो आणि मुळांत हिवाळाभर राहतो, म्हणून नुसतं फूल कापून भागत नाही. झाड मुळासकट काढून कचऱ्यात टाका. माती मात्र दूषित होत नाही, त्याच जागी नवं रोप लावता येतं. हा रोग ३०० हून अधिक प्रकारच्या वनस्पतींना होतो, त्यात बरीच तणं आहेत. वाफ्याभोवतीची तणं काढण्याचा खरा फायदा इथे दिसतो.

दुसरं दुखणं डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्याचं (माइट; जाळं विणणारा कोळी नव्हे). तो कळीच्या आत शिरून रस शोषतो, त्यामुळे घुमटावर वेडेवाकडे झुबके येतात आणि पाकळ्या खुरटतात. पण पानं आणि बाकीचं झाड ठणठणीत असतं, आणि हीच ओळख. अशा वेळी बिघडलेली फुलं कापून नष्ट करा, झाड ठेवा. त्या वर्षी पक्ष्यांसाठी बोंडं राखायची नाहीत. पानगळीतच देठ जमिनीलगत कापून सगळा कचरा उचलायचा. शंका असेल तर फूल काढून दोन-तीन आठवडे वाट पाहा. नवी फुलं हिरवी, पानं पिवळी आणि फुटवे दाट दिसू लागले तर अॅस्टर यलोज समजा आणि कुदळ घ्या.

सोबतीला काय

गवतं आधी. लिटल ब्लूस्टेम किंवा स्विचग्रास यांच्यासोबत कोनफ्लॉवर मूळच्या माळरानासारखं वाढतं आणि गवताचा आधारही मिळतो. उभ्या तुऱ्यांची लिआट्रिस, निळसर रशियन सेज, सॅल्व्हिया, पिवळं रुडबेकिया ही सगळी त्याच उन्हात, त्याच बेताच्या पाण्यात खुश असतात. सतत ओल मागणारी झाडं शेजारी नकोत. तीन, पाच अशा गटाने लावा. सुटं एक-एक झाड वाफ्यात हरवतं.

गड्डा फोडणं आणि बी धरणं

बहुवर्षायू झाडं दर तीन वर्षांनी फोडावीत हा नियम कोनफ्लॉवरला सरसकट लावू नका. त्याला उकरणं आवडत नाही. मधला भाग विरळ झाला आणि फुलं घटली तरच, चार-एक वर्षांनी, वसंतात कोंब दिसताच पर्प्युरियाचा गड्डा धारदार फावड्याने दोन-तीन भागांत करा. प्रत्येक भागाला कोंब आणि मुळं दोन्ही हवीत. त्या तुकड्यांना पुन्हा पहिल्या वर्षाचीच वागणूक द्यायची, कळ्या खुडण्यासकट. सोटमुळाच्या जाती फोडू नका. त्यांची नवी रोपं बियांपासूनच करा.

बिया हव्या असतील तर बोंड पूर्ण काळं-तपकिरी होऊन देठ वाळल्यावर कापा आणि कागदी पिशवीत आठवडाभर सुकवा. बोंड काटेरी असतं, हातमोजे घाला. चोळल्यावर कुसं आणि बिया एकत्र पडतात. फिकट, चार कडांच्या त्या बिया. संकरित वाणाच्या बियांतून आईसारखंच फूल येईल याची खात्री नाही. जवळपास दुसरा वाण फुलत असेल तर साध्या पर्प्युरियाच्या बियांतूनही थोडा फरक निघतो. काही बोंडं तशीच सोडली तर वसंतात वाफ्यात आपोआप रोपं उगवतील. ती दोन-तीन पानांची असतानाच, मुळं खोल जाण्याआधी, हवी तिथे हलवा.